अ‍ॅक्रिलिकच्या टाकीतला सकर

९ एप्रिल २००६, रविवार
अकोल्याहून परतलो. जठारपेठेत साडूकडे बसलो होतो. चहा गार मिळाला. केदार नावाचा हा इसम बी-बियाण्याचं दुकान चालवतो. यंदा गिऱ्हाईकच नाही, म्हणून दिवसभर घरी काचेच्या टाकीतले मासे बघत बसतो. आणि माझी जुईली त्याच्या शेजारी बसून बघते. माझी मुलगी, साडूच्या घरी! अकरावीला तिकडे गेली, कारण इथे सारखी आरडाओरड असते म्हणे. मी आरडाओरड करत नाही. कोर्टात बोलायची सवय आहे, एवढंच.

बारावीला अमरावतीला ये म्हटलं. जूनमध्ये येऊन बघते, मग सांगते, म्हणाली. बघते म्हणजे? घर काय भाड्याने घ्यायचंय?

निश्चय: केदारपेक्षा मोठी टाकी आणायची. मुलगी आपोआप येईल.

१२ एप्रिल
टाकी अ‍ॅक्रिलिकची घेणार. काच कोणीही ठेवतं. केदारने फोनवर आगाऊपणा केलाच. अ‍ॅक्रिलिक घ्या, पण त्यात सकर टाकू नका भाऊ, म्हणाला. तो शेवाळ खरवडून खातो, काचेला काही होत नाही, अ‍ॅक्रिलिकवर मात्र ओरखडे पडतात. म्हणजे जुईलीला जो मासा सगळ्यांत जास्त आवडतो, नेमका तोच मी ठेवायचा नाही. डाव लगेच ओळखला. सकरच ठेवणार.

२० एप्रिल
माझ्या वकिलीची पाटी ज्याने केली, त्याच नत्थुजीकडून टाकी करून घेतली. टाक्या त्याने कधी केल्या नव्हत्या, पण पाटी उत्तम आहे. हॉलच्या खिडकीत ठेवली. ऊन मस्त येतं, रस्त्यावरूनही दिसते. सकर आणला. काळा, अंगावर ठिपके, तोंड पोटाकडे. दिवसभर भिंतीला चिकटून असतो. अनुपमा म्हणाली, उन्हात काहून ठेवून राहिले, शेवाळ येईल ना. म्हटलं, मग तो खाईल काय? बायको कणीक मळायला निघून गेली. मुद्दा असा मांडायचा असतो.

३ मे
शेवाळ आलं. सकर कामाला लागला. सगळं योजनेप्रमाणे.

तिवश्याचा माझा अशील शेषराव तारीख विचारायला आला आणि टाकीच बघत बसला. जाताना म्हणाला, वकीलसाहेब, याले बरं पानी भेटून राहिलं, आमच्या गावात टँकर यिऊन गेला त पुन्हा कधी यीन भरोसा नाही. असल्या कुजकट बोलण्याला मी उत्तर देत नाही. तारीख पुढची सांगितली.

११ मे
ओरखडे. बारीक बारीक, चंद्रकोरीसारखे. केदारला कळता कामा नये.

संध्याकाळी. कळलं. अनुपमाला बहिणीशी बोलल्याशिवाय जेवण जात नाही. लगेच केदारचा सल्ला आला: मासा उपाशी असेल, काकडीचा तुकडा टाका. माझ्या घरात कोणी उपाशी नाही. ज्याला चारही भिंती फुकट दिल्या, त्याला वर काकडी? नाही टाकली.

१९ मे
लोडशेडिंग. हवेचा पंप बंद. सकर वर येऊन तोंड उघडतो. लाइट येईपर्यंत मी मगाने पाणी वरून सोडत बसलो. खांदा दुखतो आहे. केदारने हे करून दाखवावं! अनुपमा म्हणाली, पोरीसाठी कधी एवढं बसले असते तर. तिचं हे नेहमीचंच.

२७ मे
ओरखड्यांचा बंदोबस्त केला. आमच्या देवघरातली समई आणि ताम्हन पिढ्यान् पिढ्या चिंच आणि रांगोळीने घासतात. आरशासारखी होतात. मासा बादलीत ठेवला आणि टाकी आतून-बाहेरून नारळाच्या शेंडीने घासून काढली. अनुपमा म्हणाली, अहो, ते पितळ नाही. ऐकलं नाही, आणि बरं केलं. आता एकही ओरखडा दिसत नाही.

२८ मे
मासाही दिसत नाही.

४ जून
टाकीला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. यात केदारचा हात आहे, फक्त सिद्ध करायचं राहिलं आहे. बाहेरून खोबरेल तेल लावून पाहिलं. थोडा वेळ आतलं दिसतं, मग धूळ बसते. ठीक. जुईली दाराशी आली की लावायचं. शनिवारी येते आहे. तिची खोली झाडून घेतली. गादी उन्हात टाकली. मुलगी राहणार, मला खात्री आहे.

१० जून, शनिवार
आली.

ऑटो थांबल्याचा आवाज आला तेव्हा तेलाची बाटली सापडेना. अनुपमाने वेणी घालायला नेली होती. माझी मुलगी दारात आणि हिची वेणी! तेवढं बोललो. थोडं मोठ्याने बोललो. शेजारचे देवराव गॅलरीत आले म्हणजे मोठ्यानेच असेल. मागे वळलो तर जुईली फाटकातच उभी.

टाकीतून काही दिसेना, म्हणून तिने वरून बघितलं. पाण्यात हात घालून सकरला हलकेच वर घेतलं. पोट खपाटीला गेलं होतं. बाबा, याला काही देत नव्हता का, तिने विचारलं. मी सविस्तर समजावलं. शेवाळ, नत्थुजी, लोडशेडिंग, केदारचे डावपेच. बराच वेळ बोललो. ती ऐकत होती. खांद्यावरची बॅग काही तिने काढली नाही.

मग म्हणाली, बारावी अकोल्यातच करते. राग नव्हता बोलण्यात. आईकडून दुधाचा डबा मागून घेतला, त्यात पाणी भरलं आणि मला विचारलं, बाबा, याला तरी इथून नेऊ का?

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

११ जून
फार वाईट वाटतं आहे.

अकोल्याला फोन केला. केदारने उचलला. मासा नीट पोचला, म्हणाला. जुईलीचं विचारलं. टाकीसमोर बसली आहे, बोलावू का, म्हणाला. म्हटलं नको, बसू दे. फोन ठेवला. केदारला चार शब्द सुनावायचे होते, ते राहूनच गेले.