स्कूल म्हणजे फुरसत

निपाणी, ७ जुलै २०२५

चि. सौ. सुखदास, बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू कॉल आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. पत्राला म्यूट करता येत नाही.

तुझ्याकडून परवा परतलो तो संतापूनच. बसवनगुडीत तुझ्या घरी पंधरा दिवस राहिलो आणि नातीशी धड पंधरा मिनिटं बोलणं झालं नाही. अनुषा बारा वर्षांची. पहाटे साडेपाचला क्लास, तिथून शाळा, शाळेतून दुसरा क्लास, रविवारी टेस्ट. आयआयटी अजून पाच वर्षं लांब आहे, ती काय कुठे पळून चालली आहे का गं? निघायच्या आदल्या दिवशी तिची वेणी घालायला बसलो, तर मानेच्या वर लिंबाएवढी जागा मोकळी दिसली. चाई नव्हे ती. गणितं सोडवता सोडवता पोर एकेक केस उपटते आणि तुला दिसू नयेत म्हणून कंपासपेटीत ठेवते. कुणाला सांगणार नाही अशी तिने मला शपथ घातली होती, ती मी मोडतो आहे.

ज्या स्कूलच्या नावाने हा छळ चाललाय, तो शब्द मूळचा ग्रीक. अर्थ फुरसत! रिकाम्या वेळी माणसं बसून चर्चा करत, पुढे त्या चर्चेलाच आणि मग जागेलाही ते नाव पडलं, आणि लॅटिनच्या वाटेने ते इंग्रजीत आलं. माशांच्या थव्यालाही स्कूल म्हणतात, पण तो शब्द निराळा, डचांकडचा. तुझ्या क्लासला तोच शोभतो. पहाटेचा क्लास बंद कर. तिचा बाप असून पुष्करराव गप्प कसे बसतात, याचंही नवल वाटतं.

रागावलो आहे, माया मात्र आहे तेवढीच आहे.

तुझा,
बाबा


बेंगळुरू, १३ जुलै २०२५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कंपासपेटी उघडली. आधी रडले. मग तुमचा असा राग आला म्हणून सांगू!

फुरसत? हा शब्द तुम्ही मला शिकवता? तुम्ही हेडमास्तर होतात तेव्हा दर गॅदरिंगला हाच ग्रीक अर्थ सांगायचात. टाळ्या पडायच्या. आणि घरी आलं की माझ्यापुढे गणिताची वही! सातवीत स्कॉलरशिप होती म्हणून धारवाडला मामाच्या लग्नाला आई एकटी गेली आणि मला तुम्ही घरी ठेवून पेपर सोडवायला बसवलंत. त्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. अनुषा केस उपटते. मी नखं रक्त येईपर्यंत खायचे. तुम्ही काय केलंत? बोटांना कडुनिंबाचा रस लावलात.

इथे वर्गातल्या निम्म्या मुली त्या क्लासला जातात. सरांना वेळ बदला म्हटलं, तर स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं जमवून घ्या, म्हणाले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसला दीड तास जाऊन दीड तास येते मी. मी काय हौसेने करते हे? पोर मागे पडू नये, एवढंच तुमच्याकडून शिकले.

पुष्कर म्हणतो, पत्र पाठवू नको. तरी पाठवतेय. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
सुखदा


निपाणी, २२ जुलै २०२५

चि. सुखदास,

दोन पत्रं लिहिली आणि फाडली. दोन्हींत मी तुझ्या चुका काढत होतो. खोड जाता जात नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. तो अर्थ मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षापासून माहीत होता. गावच्या मुलांसाठी फुरसत, आणि हेडमास्तरांची मुलगी मात्र पुढे गेली पाहिजे, नाहीतर लोक काय म्हणतील! तुझी आई लग्नाहून आल्यावर चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला तेव्हा तिचाच राग आला होता. आता माझाच येतो, आणि तो कुठे न्यावा ते सुचत नाही.

मी चुकलो. तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून लिहून देतो. तुझा सगळा राग माझ्यावर काढ, मी तो सोसेन. पण त्या पोरीला सोडव गं.

वर नावापुढचं आशीर्वादाचं वाक्य लिहायला आज धीर झाला नाही.

बाबा


बेंगळुरू, २८ जुलै २०२५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

राग गेलेला नाही, हे आधीच सांगते. तुमच्या पत्राने थोडा कमी झाला, पण तो ग्रीक शब्द काही मला पटवू शकला नाही. ते केस पटवून गेले. पहाटेचा क्लास शनिवारी बंद केला. केसांसाठी डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय. अनुषाला नीट समजावून सांगितलं, तिने मान हलवली. मला वाटलं, पोर खूश झाली.

आज सोमवार. मी सहाला उठले, तर ही बाहेर सोफ्यावर बसलेली. गणवेश घातलेला, वेणी घातलेली, दप्तर पाठीला. म्हटलं, अगं, क्लास नाही ना आता, झोप की. तर मला विचारते, सरांनी तिला काढून टाकलं का, आणि मागच्या टेस्टमधली दोन गणितं सोडवून दाखवली तर परत घेतील का.

कोणी काढलं नाही, मीच बंद केला, असं दहादा सांगितलं. ऐकेना. शाळेची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिली. दप्तरसुद्धा उतरवलं नाही.

दोन तास मोकळे दिले मी तिला, बाबा. तिला ती शिक्षा वाटली.

तुमची,
सुखदा