दुसरी मोक शी

३ मार्च १९२२, बेटावर

१. सकाळी बोट लागली. अमेरिकेत शिरण्याआधी चौकशी होईपर्यंत इथेच ठेवतात.
२. डॉक्टरांनी डोळे तपासले. दोष नाही.
३. बायकांच्या दालनात खालची खाट मिळाली. वरची रिकामी आहे.

पाण्यापलीकडे सॅन फ्रान्सिस्को दिसतं. तिथे माझे पती फुंग गिट-चो यांचं इस्त्रीचं दुकान आहे. लग्नाला वर्ष झालं. चौकशीच्या साहेबांना मात्र पाच सांगायची, असं त्यांनी कळवलंय. कागदांची काही सोय असेल. कागदावर मी फक्त 'मोक शी', म्हणजे मोकांच्या घरची लेक. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईची नोंद अशीच होते.

मी कॅन्टनच्या इस्पितळात सुईणीचं शिकले, हे कळल्यावर शेजारच्या खाटेवरच्या कुआन काकू म्हणाल्या, "चला, आता इथंच बाळंत व्हायलाही हरकत नाही. सुटका व्हायची तेव्हा होईल!" सगळ्या हसल्या. मीही.

८ मार्च

जबानी झाली. गावात विहिरी किती, असं साहेबांनी विचारलं. मी एक सांगितली. पतींच्या जुन्या जबानीत दोन आहेत. तेवढ्यावरून मी त्यांची बायको नाही, असं ठरलं. परत पाठवणार आहेत. वकिलांनी अपील केलं आहे. काकूंचं अपील वर्षभर पडून आहे.

१९ मार्च

सासरी मागच्या अंगणात एक मोठा सपाट दगड आहे. सासूबाई त्यावर मुळे वाळवतात. काकूंचं माहेर शेजारच्या गावचं, त्यांना सांगितलं.

"अगं शहाणे, तीच दुसरी विहीर! बाई बुडाली की विहीर झाकायची आणि नाव काढायचं नाही. नव्या सुनेला कोण सांगतंय?"

कोण बुडाली, असं विचारलं. काकू केस विंचरत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याची पहिली बायको. तीही मोकांचीच.

पाच वर्षांचा अर्थ आज लागला. कागदावरची मोक शी ती आहे. अपील तिचं चाललं आहे.

२५ मार्च

वरच्या खाटेवरून पाणी गळतं. छत तपासलं, कोरडं. वरची गादी कोरडी. माझी उशी ओली. शेवाळाचा वास.

२९ मार्च

वर कुणी कूस बदलते. फळी वाकते — मी मोजूनमापून पाहिलं, वाकते. काकूंनी आपली खाट दूर ओढून घेतली. माझ्याशी बोलत नाहीत.

२ एप्रिल

मेट्रनबाईंनी दारातून हाक मारली, मोक शी, साहेबांनी बोलावलंय. मी उठले. वरून दोन पाय खाली आले. पांढरे, फुगलेले. ती माझ्यापुढे गेली. मी ओरडले — कुणी मान वळवली नाही.

४ एप्रिल

अपील मंजूर. बायकांनी तिला बोटीपर्यंत निरोप दिला. काकू रडल्या, म्हणाल्या, "सुटलीस गं पोरी!" जेवणात माझा वाडगा नव्हता.

६ एप्रिल

वकीलसाहेब, बोटीने गेलेली मी नाही. माझे पती धक्क्यावर आले असतील — त्यांनी तिला घरी नेलं का? कृपया १० एप्रिलपर्यंत उत्तर द्या. माझी खाट नव्या बाईला दिली आहे. मी वर असते. तिची उशी ओली होते म्हणून ती तक्रार करते आहे. आता उभी राहून छत तपासते आहे. मी तिला सांगते आहे, छत कोर—