मिस्त्री परत आला

६ डिसें.
वही, माफ कर. आठ दिवस पान कोरं राहिलं. इथे मुलाकडच्या थंडीत बोटं वळत नाहीत, आणि डोकं सगळं पिक्चरकडे. आज पंचकुल्याला नात ईशासोबत पाहिला, त्या अंतराळयानाच्या पिक्चरचा चौथा भाग, हिंदीतून.

सत्यानाश केला मेल्यांनी.

तिसऱ्या भागात यानाचा मिस्त्री बाहेर राहून दार लावतो. आतले वाचतात, तो जातो. मी नि वसंता, भुसावळच्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये तीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवलेली माणसं, थेटरात रडलो होतो. आपल्यातला एक गेला. आणि आता त्यालाच परत आणला! कसा, तर म्हणे मशीनमध्ये त्याची नक्कल ठेवलेली होती. हसतो काय, नाचतो काय! हाताला तेलाचा एक डाग नाही. मग ते दार लावलं कशाला?

ईशा म्हणते, "आजोबा, पिक्चर ही तो है यार."

पिक्चर ही तो है!

७ डिसें.
सकाळी वसंताला फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला. अकरा मिनिटं. सगळं सांगितलं, शेवटासकट. जरा मोकळं वाटलं.

संध्याकाळी मुलगा सुनील कामावरून आला. निरोपाचं ऐकून म्हणाला, "बाबा, वसंतकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? त्यांनी पाहिला कुठे असेल?"

दोघांचा बघून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, हा आमचा नियम. मीच घातलेला. तिन्ही भागांना पाळला.

ईशाने माझा फोन बघितला. "सुन लिया उन्होंने."

८ डिसें.
तिसरा भाग बघून निघताना वसंता म्हणाला होता, "प्रेत दाखवलं का? नाही ना? मग तो येणार, बघ तू." इतकी वर्षं मी हसत आलो. "मेला तो, वसंता. डोकं ठिकाणावर आण."

आला तो. वसंताला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी शिव्या घालत सांगून टाकलं.

तरी पिक्चर वाईटच. हे मागे घेणार नाही.

११ डिसें.
वसंताला फोन केला. त्याची सून म्हणाली, "काका, पप्पा झोपलेत." काल झोपलेले, परवाही झोपलेले. दुपारी बारा वाजता? आज मागे कोणीतरी खोकलं. खोकला त्याचाच.

डोळ्याला काही झालं नसेल ना? इन्फेक्शन वगैरे... नको. राग असू दे. रागच असू दे.

१४ डिसें.
त्याची सून म्हणाली होती, आज डॉक्टर त्याला तपासून पिक्चरला जायची परवानगी देणार. पिक्चरला गेला असेल का?

गच्चीत उन्हात बसलोय, फोन हातात. ईशा दोनदा म्हणाली, "आजोबा, अंदर आओ ना."

वसंता, चुकलो. तू जिंकलास, मिस्त्री आला. बघून ये. आवडला तर आवडला म्हण, मी भांडेन. शिवी दे हवी तर. पण आज-उद्यात काहीतरी कळव रे.