दोन वाजून पाच मिनिटांची खूण

के. आर. पुरम,
बुधवार, २ जुलै १९९७

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण मी अजून रागावलेली आहे आणि खोटं साष्टांग तुम्हांला खपत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. आईला मात्र पुरता.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या प्रयोगशाळेत नवे तराजू आले आणि मुलींनी पहिल्याच दिवशी दोन वजनं हरवली. घरमालकीण सोयराबाई रोज विचारतात, लग्न कधी? मी सांगते, वारा पडला की. त्यांना वाटतं मी आषाढ संपण्याची वाट बघतेय. आईला म्हणावं, चटणीपुडीचा डबा रिकामा झाला.

आता मुद्द्याचं. परवा आपला धाकटा, अभी, बोम्मसंद्राहून आला होता. तुम्ही त्याला कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटवलंत, फार बरं केलंत, असं सगळे म्हणतात. तिथे पाणी म्हणजे काय ते पिण्याच्या माठात. पण त्याच्या मांडीतली सळई काढून सहा महिने झाले, तो सायकल चालवतो, जिने चढतो. येत्या रविवारी, सहा तारखेला, मी त्याला होसकोट्याच्या तळ्यावर नेणार आहे आणि तो पुन्हा शिडाच्या बोर्डवर उभा राहणार आहे. बोर्ड गुंडूकडे आहे. तुम्ही त्याला तो मोडून टाकायला सांगितलं होतंत. तो मासे धरणारा माणूस, तरंगणारी वस्तू मोडायला त्याचा हात उचलला नाही.

"पाण्याचं नाव काढलंस तर या घरात पाय ठेवू नकोस," असं तुम्ही अभीला बजावलंत म्हणे. अण्णा, हे तुम्हांला शोभत नाही. आम्हांला वारा शिकवला कुणी?

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी ते इंग्लंडात छापलेलं पुस्तक आणलं होतं. त्यात बजावलं होतं की हवेचा दाब नऊशे ऐंशी मिलिबारच्या खाली गेला तर शीड उघडूच नका. मी तुमच्या वेधशाळेत येऊन काटा पाहिला तर नऊशे दहा! "अण्णा, वादळ येतंय," म्हणून मी किंचाळले आणि तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "अगं, आपण समुद्रापासून तीन हजार फूट वर राहतो. इथे जन्मभर नऊशे दहाच." मग तुम्ही ते पितळी यंत्र दाखवलंत. हळूहळू फिरणारा रूळ, त्यावर गुंडाळलेला आठवड्याचा कागद, आणि जांभळ्या शाईने दाबाची रेघ ओढत जाणारी टाचणीएवढी लेखणी. "बेंगळुरूची रेघ म्हणजे सरकारी नोकर," तुम्ही म्हणालात, "दहाला वर, चारला खाली, रोज. तिच्या खाली जाण्याला भ्यायचं नाही. कालच्या त्याच वेळेशी ताडून बघायचं." वर्तमानपत्रातल्या नकाशात किनाऱ्याजवळच्या दाबाच्या रेघा एकमेकींना खेटल्या की वारा जोराचा, म्हणजे आमचा रविवार साधणार, हेही तुम्हीच शिकवलंत. किती आनंदाचे रविवार होते ते!

आणि मग १९९५चा तेवीस एप्रिल.

घरात त्या दिवसाची एकच गोष्ट सांगतात. नयनाने कुणाला न विचारता एकोणीस वर्षांच्या भावाला पाण्यात घातलं. नागोजीकाका प्रत्येक कार्यात ती सांगतात. तुम्ही शेजारी बसून सुपारी कातरता आणि एक शब्द बोलत नाही. मीही बोलले नाही. दोन वर्षं गप्प राहिले. पण मी विचारलं होतं, अण्णा. दुपारी दोन वाजता तळ्याजवळच्या बूथवरून मी वेधशाळेत फोन केला, तुम्ही उचललात. मी म्हटलं, दाब कसा आहे, अभी उतरू का म्हणतोय. तुम्ही म्हणालात, "थांब." मागे कपबशी वाजली. मग म्हणालात, "रोजचंच उतरणं आहे. जा."

चार वाजता धुळीची भिंत आली, मागोमाग गारा. डोलकाठी अभीच्या मांडीवर कोसळली. मोडक्या पायाने तो तासभर बोर्डाला लटकून होता. गुंडूने टोपलीच्या होडीतून त्याला काढलं.

दुसरा दिवस सोमवार. अभीला ऑपरेशनला आत नेत होते आणि तुम्ही साडेआठला वेधशाळेत आठवड्याचा कागद बदलायला निघून गेलात. आई म्हणाली, कर्तव्य. मी म्हटलं, दगड. तेव्हापासून मी तुमच्याशी बोलले नाही. मला वाटायचं, तुम्ही चहा पीत बसल्या जागेवरून "जा" म्हणालात. त्याची मला इतकी चीड होती की मी घर सोडलं.

गेल्या महिन्यात मी तुमच्या वेधशाळेत गेले. तुम्ही निवृत्त झालात, म्हणून धीर झाला. तुमच्या हाताखालच्या हयवदनने जुने गठ्ठे काढून दिले. "अक्का, स्वल्प लौकर पाहा, नवे साहेब यायच्या आत." मी त्या आठवड्याचा कागद पाहिला. रविवारी दोन वाजता रेघ शनिवारच्या दोनपेक्षा दोन घरं खाली होती. पुढे पावणेचारला, वादळ शहरावर आलं तेव्हा, तिने सरळ वर उडी मारलेली.

आणि एक खूण होती. नोंदीच्या वेळी तुम्ही लोक लेखणीला बोटाने हलकेच टिचकी देता, त्याची बारीक उभी रेघ उमटते. साडेआठ, साडेअकरा, अडीच, सगळ्या जागच्या जागी. पण एक खूण दोन वाजून पाच मिनिटांची होती, जेव्हा कसलीच नोंद नसते. यंत्राजवळ गेलात की टिचकी दिल्याशिवाय तुम्हांला राहवत नाही.

म्हणजे तुम्ही उठला होतात. पाहिलं होतंत. पाहूनही चुकलात. नवख्याने घाबरून नको म्हटलं असतं. तीस वर्षं रोज चारला उतरणारी रेघ पाहिलेल्यालाच ती रोजचीच वाटली. आणि सोमवारी मुलाला टाकून तुम्ही तीच रेघ पुन्हा बघायला गेला होतात, तेही मला तिथेच कळलं. कागदावर तुमची सही आहे. ती तुमची वाटतच नाही, इतकी वेडीवाकडी. मी हयवदनसमोर रडले. बिचारा पाणी आणायला पळाला.

आता माझं. तीन वाजता वारा ठार पडला होता. गुंडू काठावरून ओरडला, "अक्का, गाळी थांबली, हे बरं नव्हे, त्याला वर बोलव." अभीनेही माझ्याकडे पाहिलं, हाताने विचारलं, येऊ? वारा परत आला की मला त्याची फेरी घड्याळ लावून मोजायची होती. मी खूण केली, अजून एक. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. परवा अभीला सांगितली. तो म्हणाला, "माहीत आहे की. तू बोलावलं असतंस तरी मी आलो नसतो."

चूक तुमची आहे, माझी आहे, थोडी त्याचीही. तळ्याने काय केलं? पोराला कारखान्यात कोंडून ती रेघ बदलायची नाही. वळवाच्या दिवसांत मी त्याला पाण्यात घालणार नाही, हे माझं मी ठरवलंय. आताचा वारा पश्चिमेचा आहे, सकाळी दहापासून एकसारखा वाहतो. आठ दिवस मी रोजचे आकडे त्याच वेळेशी ताडून बघतेय.

रविवारी काकांकडे नातवाचं बारसं आहे. सगळे जमतील. काका ती गोष्ट पुन्हा काढतील, तेव्हा आम्ही दोघं तिथे नसू. तुम्ही असाल. बोलायचं की सुपारी कातरायची, ते तुमचं तुम्ही बघा. फोनची गोष्ट माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. मला माझ्या बापाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही. तो आपणहून खरा बोललेला मला हवा आहे, आणि हे मला फार, फार हवं आहे.

घरात पाय ठेवू दिला नाहीत तर अभी माझ्या खोलीवर राहील. सोयराबाईंना विचारून झालंय.

दहा वाजता तो पाण्यात उतरेल. या खेपेला मी तुमची परवानगी मागत नाही, अण्णा. मागच्या खेपेला मागितली होती.

तुमच्यावर रागावलेली आणि तरीही तुमचीच,
नयना