दुसऱ्या फोटोतले दात

सापगाव, १२ जून २०२५

ति. पौर्णिमाताईस, धम्मपालचा सादर जय भीम. वि. वि.

फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून लिहून पाठवतो. सोबतच्या डबीत चांगल्या जंतूंच्या गोळ्या आहेत. रोज रात्री दात घासल्यावर एक चोखायची. हे जंतू तोंडातल्या वाईट जंतूंना जागा देत नाहीत, असं आमचे डॉक्टर सांगतात. हिरड्यांचं रक्तही थांबेल म्हणे. मागे दवाखान्यात काढलेला तुझा फोटो ठेवलाय, फरक बघायला. गोळ्या गोड आहेत, प्रियांकाच्या हाताला लागू देऊ नकोस.

माया अशीच राहू दे.
धम्मपाल

टोकावडे, ४ ऑगस्ट

चि. धम्मपाल यास ताईचे आशीर्वाद.

गोळ्या नेमानं घेते. तोंडाचा वास कमी झालाय, रक्त मात्र येतंच. शेजारच्या चिमाबाईची दाढ ठणकते, तिलाही एक डबी धाड. माझा भाऊ दातांच्या दवाखान्यात आहे, तो खोटं सांगायचा नाय, असं मी तिला छाती फुगवून सांगितलंय. प्रियांका म्हणते, मामा आता अर्धा डॉक्टर झाला!

आठवण ठेव.
ताई

टोकावडे, २ नोव्हेंबर

धम्मपाल,

काल बचत गटाच्या बायकांबरोबर मुरबाडला गेले होते. स्टँडसमोर तुमच्या दवाखान्याचा बोर्ड आहे. त्यावर माझं रक्ताळलेलं तोंड, हनुवटीवरच्या तिळासकट. बाजूला पांढरेशुभ्र दात, आणि खाली लिहिलंय, फक्त गोळ्यांनी तीन महिन्यांत फरक. ते दात माझे नायत. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे. तुला खांद्यावर घेऊन कैऱ्या काढताना पडले होते मी.

बायका हसल्या, ते सोसलं. पण चिमाबाईनं महिन्यापूर्वीच तो बोर्ड बघून, तू धाडलेल्या गोळ्यांवर भिस्त ठेवून डॉक्टरकडे जायचं टाळलं. गेल्या आठवड्यात तिचा गाल सुजला, ताप चढला. जबड्यातला पू काढावा लागला, तीन दाढा गेल्या. शुद्धीवर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, की तुझा भाऊ असं कसं सांगेल.

तुला माहीत होतं का? तेवढंच लिही.

पौर्णिमा

सापगाव, ९ नोव्हेंबर

ति. ताईस,

माहीत होतं. दुसरा फोटो मीच शोधून दिला. डॉक्टर म्हणाले, बहीणच आहे ना, काय बोलणार आहे? मीही तसंच धरून चाललो. गोळ्या वाईट नाहीत. पण त्यांच्या जोडीला दात साफ करून घ्यावे लागतात, किडलेली दाढ दाखवावी लागते. ते मी तुम्हा दोघींना सांगितलं नाही.

काल बोर्ड उतरवला. डॉक्टरांनी कामावरून काढलं. क्षमा कर.

धम्मपाल

टोकावडे, १५ नोव्हेंबर

धम्मपाल,

बोर्ड उतरवलास, बरं केलंस. क्षमा चिमाबाईकडे माग, तीही तोंडानं. तिला अजून घास चाववत नाय, पेज पिऊन बसते. रविवारी ये. मी तुला तिच्या दारापर्यंत नेईन, आत तुझा तू जा.

मग घरी जेवायला वाढीन. बोलणं होईल का, ते आज सांगता येत नाय.

पौर्णिमा