पोंखण्याची रवी

प्रिय जलपा,

साखरपुडा झालेल्या मुलीला 'प्रिय' लिहू नये म्हणतात. म्हणू देत. मी बापांच्या कारखान्यात लेथशेजारी भुशावर बसून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय, आणि खोडून पुन्हा लिहायला वेळ नाही. तुझ्या लग्नाचं पोंखण्याचं सामान आमच्याकडे आलंय, हे तुला सांगितलंय का कुणी? नसेल सांगितलं. जू, मुसळ, चाती आणि रवी, सगळी वीतभर. लाखेचा रंग चढवून ती खेळणी करणारे या भागात आता बापाच उरलेत, म्हणून तुमच्या घरचं कामही इथेच आलं. दारात वरात आली की तुझी आई यातली एकेक वस्तू जावयावरून ओवाळणार, आणि मग तो सुरतेचा पार्थिव उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार. बापांच्या नजरेला हल्ली बारीक काम झेपत नाही. त्यामुळे ते माझ्या गळ्यात आलं. जू झालं, मुसळ झालं, चाती तर इतकी सुरेख झाली की माझा मलाच राग आला. रवी मात्र होत नाही.

एकीची पाकळीच उडाली, दुसरी उभी चिरली, तिसरी मी होऊन भिंतीवर फेकली. खाटेवर पडल्या पडल्या बापा म्हणाले, "लाकडाशी कशाला भांडतोस रे? त्याने काय तुझ्या सरांची बाजू घेतली?" शेजारचा रमणिक एवढा हसला की त्याच्या हातातली बशी सांडली. मी कॉलेज का सोडलं, ते इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 'एका शब्दावरून शहीद झालेला निकुंज' म्हणतात मला.

तो शब्द सरांनी आपल्या दोघांना मिळून दिला होता, आठवतं? वलोणं. लोणी काढायला घुसळतात, त्याचा शब्द. कुठून आला, कुठे कुठे फिरला, शोधून आणा. त्या निमित्ताने आपण किती हिंडलो! गोंडलला तुमच्या घरी पहाटे पोचलो तेव्हा तुझी आई, म्हणजे माझ्या मुक्तामासी, मोठं मडकं मांडून बसल्या होत्या. "शब्द कसले शोधताय, आधी दोरी धरा!" म्हणून त्यांनी एक टोक तुझ्या हातात दिलं आणि एक माझ्या. मी जोर लावला की तू ओरडायचीस, "अरे, माझी पाळी आहे, सोड की!" त्या दिवशी लोणी किती निघालं ते मला माहीत नाही, मी मडक्याकडे बघतच नव्हतो. नंतर ती भरवाड, गुराख्यांच्या घरची म्हातारी भेटली. ती म्हणाली, "ताक सकाळी एकदाच वलोवायचं असतं, बेटा. पोरगं गुरं घेऊन लांब गेलं की जीव दिवसभर वलोवतो." तू ते घाईघाईने वहीत उतरवलंस आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलीस. खानावळीत देठाची भरली वांगी आली की मात्र तुझा खट्याळपणा जागा व्हायचा. आपल्याकडे रवीला रवैयो म्हणतात आणि या वांग्यांनाही रवैयाच, रवीच्या डोक्यासारख्या चार चिरा असतात म्हणून. "घ्या सुतार, तुमच्या कारखान्याचा माल आला," असं अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणायचीस. आता वांगं समोर आलं की मी ताट बाजूला सारतो. आईला वाटतं, पोराचं पोट बिघडलंय.

आणि मग तो वर्ग. मी म्हटलं, दोरी रवीला वळते, उलटी वळते, वळण्यावरूनच वलोणं आलं असणार. सर म्हणाले, "विलोडन. संस्कृत. बसा खाली." मी बसलो नाही. सर म्हणाले, "हे कॉलेज आहे, तुमच्या बापाचा लेथ नाही." पुढचं तुझ्यासमोरच झालं. बापाचं नाव काढलं म्हणून मी उठलो, वही बाकावर टाकली आणि जो निघालो तो गावाच्या बसमध्येच बसलो. मागाहून कोश पाहिला. सरांचंच बरोबर होतं. मग? बरोबर असलेल्या माणसाने असं बोलावं? पण खरं सांगू, माझा राग सरांवर कधीच नव्हता. तू मान खाली घालून बसली होतीस. एकदा वर बघायचंस, जलपा. नुसतं बघायचंस.

त्यानंतर तुझे वडील बापांना भेटायला आले होते, हे तुला बहुधा ठाऊक नाही. आपली जात एक, घरं ओळखीची. गोष्ट तिथेच जमली असती. पण ते चहा पिता पिता म्हणाले, "जो एका शब्दासाठी कॉलेज सोडतो, तो भाजीत मीठ कमी पडलं की घर सोडेल."  मी आतून ऐकत होतो आणि बाहेर आलो नाही. कुठे भांडायचं ते मला कधीच कळलं नाही. नको तिथे भांडलो, आणि तिथे मात्र दाराआड गप्प उभा राहिलो. महिन्याभरात तुझ्या साखरपुड्याचे पेढे आमच्या घरी आले.

हे सगळं आज, आत्ता, एवढ्या घाईने का लिहितोय, तर मुक्तामासी बाहेर खाटेवर बसल्यात. सामान न्यायला आल्या होत्या. तिन्ही वस्तू उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "चौथी?" मी म्हटलं, होत नाही मासी. त्यांनी भिंतीपाशी पडलेले रवीचे तुकडे उचलून पाहिले. मग बापांना चहा सांगायला पिटाळलं आणि चक्क भुशात माझ्यासमोर येऊन बसल्या. "पोरगी जेवत नाही. पसंत आहे का विचारलं तर म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. अरे, मला काय, पार्थिव काय आणि तू काय, सारखेच! पोंखताना सासूने दारात जावयाचं नाक धरून ओढायचं असतं, ते मी ओढणारच. पण कुणाचं, ते तिने सांगायला नको? पत्रिका अजून छापायला दिलेल्या नाहीत. जलपाच्या वडिलांचं मी बघते. तुला तोंड दिलंय ते काय फक्त सरांशी भांडायला? तिला एकदा तरी सरळ विचारलंस का, मूर्खा?" नाही विचारलं. इतके शब्द गोळा केले, पण हे कधीच नाही विचारलं. म्हणून आता विचारतो. जलपा, माझ्याशी लग्न करशील? नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणू नकोस. तू नाही म्हणालीस तर रवी मी नीट कातून पाठवीन, आणि त्या सुरतवाल्याबद्दल एक वाकडा शब्द काढणार नाही. निदान गावात तरी नाही. हो म्हणालीस, तरीही रवी मलाच कातायला लागणार, दुसरं आहे कोण? मासी हाका मारतायत, गोंडलची बस फाट्यावर आली म्हणे. ही चिठ्ठी घडी न घालताच त्यांच्या हातात देतोय. वाटेत त्यांनी वाचली तर वाचू देत.

तू नाही म्हणालीस तरी बरेच दिवस तुझाच,
निकुंज