कवेलांवर फेकलेला दात

आई, आज माझ्या पांढरकवड्याच्या दवाखान्यात एक नऊ वर्षांची मुलगी आली आणि वरचा समोरचा दात दाखवून गेली. दाताची कडा तेवढी बाहेर आली आहे, पण ती अख्ख्या वर्गाला दाखवून झालं होतं. पहिल्यांदा आली होती तेव्हा ओठ घट्ट मिटून, विचारलं की नुसती मान हलवायची. दुधाचा दात पडून दोन वर्षं झाली होती, शेजारचा केव्हाच आला होता आणि मध्ये खिंडार. तिच्या आईनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मॅडम, दात शेणात गुंडाळून कवेलांवर फेकाचा असते ना? आमचं घर स्लॅबचं. मी तसाच वर फेकला. सासू म्हणते, तुह्यानंच पोरीचा दात गेला." हुबेहूब तुझा सूर होता तो.

आपल्या कळंबच्या घराच्या छपराचे कवेलू काढून तू टिनाचे पत्रे टाकलेस, त्याच उन्हाळ्यात माझा दात पडला होता. तू तो कवेलांवर फेकलास, आठ दिवसांनी कवेलू उतरले आणि माझा दात काही आला नाही. मग तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "टिनांची घाई मलेच झालती. पोरीचा दात मीच घालवला." चिंतामणीला नवस बोललीस. शाळेच्या फोटोच्या दिवशी वेणी घालताना बोटानं माझा ओठ दाबलास आणि म्हणालीस, "हसू नको, तोंड मिट." मला तुझा इतका राग आला होता की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र त्या फोटोकडे कधी धड पाहिलं नाहीस.

त्या मुलीचा एक्स-रे काढला आणि मला जे वाटत होतं तेच निघालं. पक्का दात आत शाबूत होता, त्याच्या वाटेत दातांचीच एक गाठ बसलेली. अशी गाठ का होते ते नक्की कुणाला ठाऊक नाही, पण ती कॅन्सरची नसते आणि पूर्ण काढली की सहसा परत येत नाही. हे काम मला चांगलं येतं, आई, तुझ्यापाशी कशाला लाजू? भुलीचं इंजेक्शन देऊन हिरडी उघडली, थोडं हाड बाजूला केलं आणि आवरणासकट गाठ सोडवली. आतून ज्वारीच्या दाण्याएवढे अकरा दात निघाले, एकाला तर इवलंसं मूळही होतं. ते तपासणीला पाठवले, टाके घातले आणि बाहेर येऊन तिच्या आईला सांगितलं, "तुमच्यानं काही झालं नाही. दात कुठंही फेकला असता तरी हेच झालं असतं." तिनं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं आणि मग बाकावर बसून पदरानं तोंड पुसत राहिली.

माझ्याही जबड्यात तेच होतं. कॉलेजात आम्ही एकमेकांचे एक्स-रे काढून शिकायचो, त्यात दिसलं. गाठ काढली, दाताला तार लावून दीड वर्ष खाली ओढला आणि आता तो इतरांसारखाच दिसतो. पण तो एक्स-रे निघाला तेव्हाच तुला जाऊन वर्ष झालं होतं. टिनांचा काही दोष नव्हता, हे तुला सांगायला मला उशीर झाला.

आणखी एक राहिलंय. तू कवेलांवर फेकलास तो माझा दात नव्हताच. दात मी शाळेत हरवला होता आणि तू रागावशील म्हणून शेणाच्या गोळीत ज्वारीचा दाणा घालून तुझ्या हातावर ठेवला होता. कॉलेजातला तो एक्स-रे पाहीपर्यंत मला खात्री होती की दात माझ्याच लबाडीमुळे आला नाही. तू रोज स्वतःला बोल लावायचीस, आणि मी शेजारी बसून ऐकत असे.